कणीक मी भिजवते, तू बस

ज्योती,

परवा तुझी तेरवी झाली. काल सकाळी प्रशांतभाऊजी वरच्या खोलीत आले आणि म्हणाले, "वहिनी, एखादी जुनी चादर द्या ना. कंप्युटर झाकून ठेवतो." मी म्हटलं, नाही आहे चादर. घरात दहा चादरी आहेत हे त्यांनाही ठाऊक आहे. दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "ते वेबसाइटचं काम आता बंदच करून टाका. गिऱ्हाइकाइले फोन करून सांगून द्या. अन् तुमची स्वतःची जे साइट आहे ना, ते उद्या काढून टाका वहिनी. तिचा फोटो तिथं हासून राहिला. मले पाहवत नाही. मले काढताही येत नाही, तुमालेच येते."

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. नवरा आहे तुझा, त्यांच्या जिवाचं काय झालं आहे ते मी रोज बघते. पण मला असा राग आला की हातातलं फडकं मी जमिनीवर आपटलं. हल्ली मी सगळ्यांवरच रागावते. भेटायला येऊन "नशीब" म्हणत उसासे टाकणाऱ्या बायकांवर, डासांवर, तुझ्या फोटोला घातलेल्या त्या प्लॅस्टिकच्या हारावर. आणि तुझ्यावर. हो, तुझ्यावर. मोठी जाऊ घरात धडधाकट बसलेली असताना धाकटीनं आधी निघून जायचं, ही कुठली रीत वं?

बघ, आलंच 'वं'. तूच शिकवलं होतंस, "बोलताना मले-तुले चालते ताई, पण साइटवर मला-तुला लिहायचं, गिऱ्हाईक कुठचंही असू शकते." म्हणून हे शुद्ध लिहायला बसले आहे. जिथं सुटेल तिथं समजून घे.

तू सावनेरला लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्या सामानात भांड्यांच्या आधी कंप्युटर उतरला होता. नागपूरची पोरगी, वेबसाइट बनवायचा कोर्स केलेली. इथं वेबसाइट कोणाला लागते, म्हणून आमचे हे हसले. मीही हसले. मनात म्हटलं, पाहू किती दिवस टिकतो हा थाट. आणि पाच-सहा महिन्यांत तू बाजारातल्या कृषी केंद्राचं काम घेऊन आलीस. सासूबाईंनी निकाल दिला: "काम कर बापा, मी काही नाही म्हणत नाही. पण नवी सून एकटी दुकानात जाऊन बसणार नाही. सुनीता जाईन सोबत."

झालं. घरचं सगळं टाकून मी तुझी राखण करायला निघाले, आणि रस्ताभर तोंड फुगवून चालले. तू मालकांशी बोलत होतीस आणि मी खताच्या पोत्यांजवळ एका स्टुलावर. तीन तास. करायला काही नव्हतं म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं पाहत बसले. परत येताना तू अगदी खुशीत सांगत होतीस की पहिल्या पेजवर मालकांच्या आजोबांचा मोठा फोटो घ्यायचा, खाली दुकानाचा इतिहास. मला राहवलं नाही.

"आजोबाले कोण विचारते वं तिथं? जो येते तो कागदात कपाशीचं पान गुंडाळून आणते, काउंटरवर ठेवते अन् विचारते, हे काय झालं? औषधाचं नाव एकालेही माहीत नाही."

तू तिथंच थांबलीस. मागून येणारा सायकलवाला शिव्या देत गेला. तू म्हणालीस, "ताई, अजून काय पाहिलं? सांग ना, सगळं सांग." भर बाजारात तू माझे दोन्ही हात धरले होतेस, आणि मला लाज वाटत होती. पण खरं सांगू? लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि मी काय पाहिलं ते मला कोणी पहिल्यांदा विचारत होतं.

आजोबा तळाला गेले. पहिल्या पेजवर कपाशीच्या, तुरीच्या, संत्र्याच्या रोगट पानांचे फोटो आले. ज्याच्यावर बोट ठेवावं त्याची माहिती उघडायची. मालकांनी चार जणांना सांगितलं, त्या चार जणांनी अजून कोणाला. मग आपलं ठरूनच गेलं. आधी मी एक दिवस दुकानात बसायचं, मग तू कंप्युटरला हात लावायचा. लोकांना वाटायचं, सासूनं मागं लावून दिलेली मोठी जाऊ आहे, बसली आहे बिचारी. दुकानदार माझ्यासमोर चहा ठेवून मला विसरून जायचे. खापरखेड्याच्या त्या डबेवाल्या ताईंकडं तर मी मटार सोलत बसले होते. वीज केंद्राच्या कॉलनीतून फोन करणारा प्रत्येक जण भाजी कोणती हे नंतर विचारायचा, आधी विचारायचा की रात्रपाळीवाल्यांना डबा किती वाजता मिळेल. तेच आपण सगळ्यात वर लिहिलं.

मग तुला मला कोड, म्हणजे साइट ज्या खुणांनी बनते ते लिहिणं, शिकवायचं खूळ लागलं. मी बारावी नापास, इंग्रजीचं नाव काढलं की उठून जाणारी. "मले नाही जमत," म्हटलं की तू म्हणायचीस, "तुले स्वयंपाकघरातले डबे लावता येतात ना? मंग झालं. जेवढे डबे उघडले तेवढी झाकणं लावायची. आतल्याचं आधी, बाहेरच्याचं मंग." हे मला समजलं. पहिल्या दिवशी पांढऱ्या पेजवर माझं स्वतःचं नाव उमटलं तेव्हा मी जिन्यावरून ओरडले, "आई, वर या लवकर!" सासूबाई गुडघे धरत वर आल्या, पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी मले जिना चढवला?" आपण दोघी पोट धरून हसलो. त्याही खाली जाताना हसत होत्या, मी पाहिलं.

कंप्युटर एक आणि चूलही एक. त्यामुळं शिकवण्यापुरता वेळ सोडला तर आपण दोघी एकत्र वर फारशा बसूच शकलो नाही. जेवणं आटोपली की एकीनं वर बसायचं, दुसरीनं खाली बघायचं. चारला अदलाबदल. खाली सासूबाईंसमोर धड दोन शब्द बोलता येत नसत, म्हणून तू ती युक्ती काढलीस. टोकदार कंस, उद्गारचिन्ह, दोन आडव्या रेघा. या खुणेत काही लिहिलं की ते साइट पाहणाऱ्याला दिसत नाही, कोड उघडणाऱ्यालाच दिसतं. तेव्हापासून तो कोड आपला निरोपांचा फळा झाला. 'ताई, आई पापडावरून चिडल्या आहेत, खाली गेली की तोंड उघडू नको.' 'ज्योती, वांग्याची भाजी लागली बुडाला, वरचीच वाढ.' आणि जिची वर बसायची पाळी असेल तिच्यासाठी नेहमीचं एक: 'कणीक मी भिजवते, तू बस.'

आणि ते निरोप पुसायचे असतात हे आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही! कृषी केंद्राच्या मालकांचे जावई पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत. दिवाळीला सासरी आले, सासऱ्यांची साइट कौतुकानं उघडली, आतला कोड पाहिला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं की सासूबाई पापडावरून चिडल्या आहेत. गोष्ट संध्याकाळपर्यंत आपल्या घरी पोचली. मला वाटलं, आता कंप्युटर विहिरीत जातो. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लिहाले काही हरकत नाही. पण पापड कच्चेच होते." त्यानंतर तू गिऱ्हाइकांच्या साइटवरून सगळे निरोप काढलेस आणि निरोपांसाठी आपली स्वतःची साइट ठेवलीस. तिथं कोण येऊन पाहतं!

एक गोष्ट मात्र तू माझ्या हाडीमाशी खिळवलीस. डबेवाल्या ताईंनी रविवारचा डबा बंद केला म्हणून मी तो सगळा भाग मिटवून टाकला होता, आणि पंधरा दिवसांत त्यांनी परत सुरू केला. मी रडकुंडीला आले, सगळं पुन्हा लिहायचं. तू माझ्या शेजारी बसून ते परत टाइप करत होतीस आणि म्हणत होतीस, "मिटवायचं कधीच नाही ताई. दोन्हीकडून खुणा लाव अन् झाकून ठेव. लोकाइले दिसत नाही, पण आपल्याजवळ राहते. लागलं की खुणा काढल्या, झालं." मी हो म्हटलं. एवढं साधं होतं ते.

आता त्या भांडणाचं. ते टाळून हे लिहिलं तर तू मला सोडणार नाहीस.

आपल्या साइटवर 'आमच्याबद्दल' असं एक पेज होतं. त्यावर सहा वर्षं तुझा एकटीचा फोटो. तू कितीदा म्हणालीस, ताई, तुझं नाव टाकू दे. मी प्रत्येक वेळी उडवून लावलं. "बारावी नापास बाईले डिझायनर म्हणशीन तं लोकं हासतील. उद्या कोणी इंग्रजीत फोन केला तं?" तू म्हणायचीस, "मंग मी उचलीन. पण तू बसते म्हणून साइट बनते. मी तं फक्त टाइप करते." तू आजारी पडलीस त्याच आठवड्यातल्या सोमवारी तू मला न विचारता नाव टाकलंस आणि लाडात येऊन मोबाइल माझ्यासमोर धरलास. मी पाहिलं: वर ज्योती, तुझ्या नावाच्या खाली सुनीता. त्याच्या खाली काहीतरी लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नाही.

"काढ ते," मी म्हटलं.

"काहून पण?"

"मी का तुह्या ताटाखालची मांजर आहो, तुह्या नावाच्या खाली लिहाले? मोठी आहो मी या घरात. काढ, नाही तं यानंतर त्या कंप्युटरले हात लावणार नाही मी."

तुझा चेहरा असा उतरला. तू इतकंच म्हणालीस, "बरं ताई."

लोक हसतील हे सगळं खोटं होतं, ज्योती. आज सांगते. सात वर्षांनी लहान पोरगी मला शिकवते, आणि मला ते आवडतंही, हेच मला टोचत होतं. घरात मोठेपणाशिवाय माझ्याजवळ दुसरं होतं काय? तेही तू हसत हसत नेशील असं वाटलं. तू तर देत होतीस. मला घेताच आलं नाही.

बुधवारी तुला सीताबर्डीला जायचं होतं, गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देणाऱ्या त्या काकांच्या दुकानात. नागपूरचं आपलं पहिलं मोठं काम. सकाळी तू विचारलंस, "येते ना ताई?" मी भांडी घासत होते. मान वर न करता म्हटलं, "डोकं दुखते माहं." तू थोडा वेळ उभी राहिलीस, मग एकटीच गेलीस. सहा वर्षांत पहिल्यांदा. आणि दुपारी मी काय केलं असेल? चोरून मोबाइलवर आपलं पेज उघडलं. माझं नाव नव्हतं. मीच काढ म्हटलं होतं, आणि नाव नाही हे पाहून मलाच वाईट वाटलं. इतक्या लवकर काढलं? एकदा अजून विचारता आलं नसतं? त्या दिवशी तू थकून आलीस तर मी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही.

शुक्रवारी तुला ताप भरला. साधा ताप, म्हणून आपण दोन दिवस घरीच काढले. रविवारी गाडीत घालून तुला नागपूरला नेलं तेव्हा तू काचेतून मला म्हणालीस, "ताई, पिहूच्या डब्यात भेंडी नको देऊ, ते परत आणते." पाच वर्षांची तुझी पोरगी माझ्या कडेवर होती. मी म्हटलं, "माहीत आहे मले. सांगू नको."

हेच माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. माहीत आहे मले, सांगू नको. डेंग्यूनं तुला पाच दिवसांत नेलं, आणि त्या पाच दिवसांत मी दवाखान्यात आले तरी मला आत सोडलं नाही, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून एकच वाक्य घोकत राहिले की बाहेर आली की म्हणायचं, टाक वं माहं नाव, कुठीही टाक. वर, खाली, कुठीही.

काल भाऊजी खाली गेले आणि थोड्याच वेळात फोन वाजला. तुझाच फोन, तो मी चार्ज करून ठेवते. सीताबर्डीचे काका. "मॅडम, किती दिवस झाले, फोनच नाही उचलून राहिल्या तुम्ही. आमचं पेज अर्धंच आहे. गॅदरिंगचा सीझन आला न."

मी म्हटलं, "ज्योती गेली, काका."

पलीकडून रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला. मग म्हणाले, "अरे देवा. चांगली चार तास बसून होती बेटी त्या दिवशी. जाताना म्हणे, काका, मले काही दिसलं नाही इथं, मी आमच्या ताईले घेऊन येते, तिले दिसीन." मग विचारलं, "ताई म्हणजे तुम्हीच काय?"

मी हो म्हटलं. मग तोंडात पदर कोंबून बसले. रागावलेल्या मोठ्या जावेबद्दल परक्या दुकानात तू हे सांगून आली होतीस.

पर्स घेऊन खाली उतरले. सासूबाई ओट्याशी बसल्या होत्या. तू गेलीस त्या दिवसापासून त्या फारसं बोलत नाहीत. "कुठी चालली?" विचारलं. म्हटलं, "सीताबर्डीले, दुकानात बसाले." तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, आणि एकटी. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतात. त्यांनी परात पुढं ओढली, पिठाचा डबा उघडला आणि म्हणाल्या, "कणीक मी भिजवते. तू जाय."

आपला तो निरोप त्यांनी कुठं वाचला, मला माहीत नाही. कदाचित वाचलाही नसेल. मी बसस्टँडपर्यंत रडत गेले.

काकांनी मला स्टूल दिलं, चहा दिला आणि थोड्या वेळानं मला विसरून गेले. तू केलेलं अर्धं पेज मी मोबाइलवर पाहिलं होतं. सुंदर आहे गं. वाघ, परी, भाजीवाली, सगळ्यांचे फोटो, आणि प्रत्येकाखाली स्मॉल, मीडियम, लार्ज. दुपारभर आया येत होत्या. एकीच्याही सोबत मूल नव्हतं, मुलं शाळेत. आणि एकजात प्रत्येक आई काउंटरशी उभी राहून हात कमरेशी धरायची: "एवढा आहे हो. पहिलीत आहे." दुसरी हात जरा वर: "एवढी. तिसरीत." स्मॉल-मीडियम एकीनंही म्हटलं नाही. ज्योती, मापाच्या जागी इयत्ता हवी. केजी, पहिली, दुसरी. एवढंच होतं. तू चार तास बसलीस आणि तुला दिसलं नाही, कारण तू कपडे पाहत होतीस.

मी उठून सांगायला गेले तर काकांनी सहज विचारलं, "तुमच्या घरी आहे काय कोणी लहान?" आणि माझा हात आपोआप कमरेच्या थोडा खाली गेला. पिहूच्या डोक्याएवढा. तो हात मला खाली घेता येईना.

आज दुपारी मी वर येऊन बसले. आधी काकांच्या पेजवर इयत्ता टाकल्या. मग भाऊजींनी सांगितलं होतं ते करायला घेतलं. त्यांना शब्द दिला नव्हता, पण नाहीही म्हटलं नव्हतं. मनात म्हटलं, खरंच काढून टाकू. एक दुकान जमलं म्हणून काय झालं? तिचा फोटो एकटा तिथं, आणि मला तिथून तिनं काढलेलंच आहे. आता माझं तिथं काय राहिलं?

'आमच्याबद्दल'चा कोड उघडला. वर तुझं नाव, तुझ्या फोटोची ओळ. आणि त्याखाली टोकदार कंस, उद्गारचिन्ह, दोन आडव्या रेघा.

मिटवलं नव्हतंस तू. झाकून ठेवलं होतंस.

दोन्हीकडच्या खुणांच्या मध्ये, सोमवारी जे मी वाचलंच नाही ते सगळं जसंच्या तसं होतं. 'सुनीता. या दुकानात बसतात. लोक काय विचारतात ते ऐकतात. त्या सांगतात, मग मी लिहिते. आमचं काम त्यांच्यापासून सुरू होतं.' आणि त्याच्या वर, साइट पाहणाऱ्या कोणासाठीच नाही असा, तुझा निरोप: 'ताई रागात आहे. राग गेला की खोलायचं.'

कधी जाईल हे तू लिहिलं नव्हतंस. जाईल की नाही अशी शंकाही तुला नव्हती. दोन दिवसांत, चार दिवसांत, दिवाळीपर्यंत, केव्हा ना केव्हा ताईचा राग जाईल, आणि तेव्हा नाव तिथं तयार असलं पाहिजे. म्हणून ठेवलंस. आणि मी त्या बुधवारी दुपारी मोबाइल पाहून, हिनं मला काढलं, म्हणून तुला पाणी दिलं नाही. किती वेळ मी टेबलावर डोकं ठेवून होते, सांगता येत नाही. खालून सासूबाईंनी दोनदा हाक मारली.

भाऊजी घरी आले तेव्हा मी त्यांना वर बोलावलं. म्हटलं, "भाऊजी, साइट मी काढणार नाही. फोटो पाहवत नाही तं तुम्ही उघडू नका. पण ते राहीन, अन् काम मी करीन." ते रागावतील असं वाटलं होतं. ते उभ्याउभ्या पडद्यावरचा तुझा निरोप वाचत राहिले. दोनदा वाचला असावा. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "कसं खोलतात ते?"

मी त्यांना दाखवलं. वरची खूण काढली, खालची काढली. पेज पुन्हा उघडलं. वर ज्योती, तुझ्या खाली सुनीता. आता बरोबर दिसतं आहे. असंच हवं होतं ते, तुझ्या खाली.

तुझा निरोप मी मिटवला नाही. त्याला नव्या खुणा लावून जिथल्या तिथं ठेवला, आणि त्याखाली, बोलताना मले-तुले चालते असं तू म्हणाली होतीस त्याच भाषेत, एक ओळ लिहिली:

'गेला वं राग. खोललं मी.'